अठरानंतर एकदम वीस

‘दोनच तर पार्ट आहेत’ असं जे गिऱ्हाईक म्हणेल त्याच्याकडून निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत. ‘साधंच काम आहे’ हेही त्याला जोडून म्हणालं, तर सगळेच घ्यावेत. हे मी रागात लिहितेय, मान्य आहे. पण राग शांत व्हायची वाट बघत बसले असते तर हे लिहून झालंच नसतं. पुण्यात, मुंबईत, गोव्यात बसून परदेशी वाद्यवृंदांसाठी नोटेशनची कामं घेणारी नवी मुलंमुली मला अधूनमधून विचारत असतात. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं, आणि गोडगोड शब्दांत सांगून ते कुणी ऐकत नाही.

काम होतं चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’चं. इंग्लंडातल्या एका फिरत्या बॅले कंपनीकडे ऑर्केस्ट्राच्या पार्टचा जुना संच होता. त्यातले क्लॅरिनेटचे दोन्ही फोल्डर कुठल्याशा दौऱ्यात गहाळ झाले. बाकी सगळे पार्ट जुनेच राहणार होते, चिकटपट्ट्या लावलेले, कित्येक वर्षांच्या पेन्सिलींनी भरलेले. फक्त क्लॅरिनेटचे स्कोअरवरून नव्यानं करायचे होते. करताना सी क्लॅरिनेटसाठी लिहिलेले भाग आजच्या वादकांकडच्या वाद्यांना बसतील असे करायचे, आणि कंपनीच्या प्रयोगात जे कापलं आहे त्याप्रमाणे पार्ट ‘स्वच्छ’ करून द्यायचे. कंपनीच्या संगीत व्यवस्थापकानं हे फोनवर सांगितलं, वरच्या दोन्ही वाक्यांसकट. स्वच्छ हा शब्द तेव्हाच खटकायला हवा होता असं आता लोक मला म्हणतात. खटकला होताच. लेखी खटकला होता, ते पुढे येईल.

क्लॅरिनेटचं त्रांगडं ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. वादक कागदावरचा सी वाजवतो तेव्हा सी क्लॅरिनेटमधून पांढरी एकच ऐकू येते. तीच बोटं बी-फ्लॅट वाद्यावर ठेवली तर काळी पाच, आणि ए वाद्यावर पांढरी सहा. ‘स्वान लेक’च्या स्कोअरमध्ये चायकोव्हस्कीनं तिन्ही वाद्यं मागितली आहेत. आजचा ऑर्केस्ट्रातला वादक जोडपेटीत बी-फ्लॅट आणि ए घेऊन येतो, सी क्वचितच कुणाकडे असतो. म्हणजे सीचा भाग बी-फ्लॅटवर न्यायचा तर एक पूर्ण सूर वर आणि दोन शार्प वाढवून लिहायचा. एवर न्यायचा तर त्याहून अर्धा सूर वर, तीन फ्लॅट वाढवून. सिबेलियस म्हणा, डोरिको म्हणा, नोटेशनची सॉफ्टवेअरं एका क्लिकवर हे करून देतात. ‘साधंच काम’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात हेच क्लिक असतं.

क्लिक कुठे फसतं ते सांगते. छोट्या हंसांचं नृत्य एफ-शार्प मायनरमध्ये आहे. ते ए क्लॅरिनेटवर लिहिलं की ए मायनर होतं, डोक्यावर एकही शार्प नाही. तेच बी-फ्लॅटवर लिहिलं की जी-शार्प मायनर, पाच शार्प. हंसांची प्रसिद्ध धून बी मायनरमधली. एवर एक फ्लॅट, बी-फ्लॅटवर चार शार्प. कागदावर दोन्ही बरोबर असतं. पण पिटमधल्या मिणमिणत्या दिव्याखाली, आठवड्यातल्या कितव्याशा प्रयोगाला, वादकानं पाच शार्प वाचावेत अशी अपेक्षा धरणाऱ्यानं एकदा स्वतः ते वाजवून बघावं. त्यातून ए क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर बी-फ्लॅट वाद्यात नसतोच. ए वाद्यावरचा खालचा ई ऐकू येतो काळी एक म्हणून, आणि बी-फ्लॅट वाद्य पांढरी दोनवरच थांबतं. आणि मग ‘ब्रेक’. गळ्याच्या सुरांवरून वरच्या पट्टीत जाताना जवळजवळ सगळी बोटं एकदम झाकावी लागतात. सी वाद्यावर जी जलद लड बिनबोभाट जात होती, ती एक सूर वर सरकल्यावर नेमकी त्या सांध्यावर येऊन आदळू शकते. म्हणून सीचा प्रत्येक भाग बी-फ्लॅटवर टाकायचा की एवर, हे बोटांवर धरून बघून ठरवावं लागतं. मी स्वतः क्लॅरिनेट वाजवते, म्हणूनच हे काम माझ्याकडे आलं होतं. कामाच्या दरात मात्र ते कुठे दिसलं नाही.

हे सगळं मी केलं आणि चोख केलं. त्याबद्दल आजही कुणाची तक्रार नाही. भांडण झालं ते कापाकापीवरून.

आता कट-लिस्टवरून भांडणं होणं हे या बॅलेच्या नशिबातच आहे. १८७७ साली मॉस्कोच्या बोल्शॉयमध्ये ते पहिल्यांदा झालं. त्याला १ ते २९ असे नंबर आहेत, आणि तसंच्या तसं, त्याच क्रमानं ते सहसा कुणीच करत नाही. चायकोव्हस्की १८९३ मध्ये गेला. १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्कीमध्ये पेटिपा आणि इवानोव यांनी ते नव्यानं बसवलं, तेव्हा रिकार्डो द्रिगोनं स्कोअरची फेरमांडणी केली. पहिल्या अंकातलं पा द द, म्हणजे जोडीचं नृत्य, उचलून तिसऱ्या अंकात नेलं, तेच आज ‘ब्लॅक स्वान’ म्हणून ओळखलं जातं. चायकोव्हस्कीच्या बहात्तराव्या ओपसमधले पियानोचे तीन तुकडे द्रिगोनं ऑर्केस्ट्रासाठी लिहून मधेमधे बसवले. तिसऱ्या अंकातलं पा द सीस, म्हणजे १९ नंबर, बहुतेक प्रयोगांत कापलेलंच असतं. प्रत्येक कंपनीचं ‘स्वान लेक’ वेगळं असतं, आणि ते कसं वेगळं आहे हे फक्त तिच्या जुन्या पार्टमधल्या पेन्सिलीला माहीत असतं.

म्हणून कुठल्याही कामाच्या पहिल्या दिवशी एकच मागा: आत्ताची कट-लिस्ट, तारखेसकट, स्कोअरच्या बार नंबरांत. मला काय आलं? नृत्यदिग्दर्शकाच्या सहायिकेनं केलेली एक यादी, आणि ती ‘आठां’मध्ये. नर्तक बार मोजत नाहीत, आठ मोजतात. ‘दुसऱ्या फेरीतले शेवटचे दोन आठ नाहीत.’ वॉल्ट्झमध्ये बहुधा एका बारला एक मात्रा धरतात, म्हणजे एक आठ हे आठ बार. दुसऱ्या चालीत तेच आठ चार बारांत संपतात. शिवाय नृत्याच्या तालमी पियानोवर होतात. पियानोच्या प्रतीत पुनरावृत्ती सरळ लिहून काढलेली असली आणि स्कोअरमध्ये फेरीची खूण असली, की दोन्हींचे बार नंबर जमायचं नाव घेत नाहीत. मी तालमीचा व्हिडिओ मागवला, स्कोअर पुढ्यात ठेवून एकेक उडी मोजली, सगळ्याचं बार नंबरांत भाषांतर करून तक्ता केला आणि ‘हे बरोबर आहे असं लेखी कळवा’ म्हणून पाठवला. लेखी उत्तर आलं. एका शब्दाचं, पण आलं. ते उत्तर मी छापून ठेवलंय.

त्यानंतरच्या पत्रात मी त्या ‘स्वच्छ’ शब्दाबद्दल लिहिलं. कापलेलं संगीत पार्टमधून काढून टाकू नये. ते छापावं, कापाच्या सुरुवातीला ‘व्ही’ आणि शेवटी ‘दे’ अशी जुनी खूण करावी, हवं तर पान क्लिपनं बंद करावं. बाकी सगळ्या वाद्यांच्या पार्टमध्ये ते संगीत आहे, उद्या कुणी काप उघडला तर क्लॅरिनेट उघडे पडतील. यावर उत्तर आलं की नवी मुलं अशा खुणांनी गोंधळतात, प्रयोग बसून झाला आहे, काही उघडणार नाही, पार्ट स्वच्छच हवेत. वर एक हसरा चेहरा.

गिऱ्हाइकाचं म्हणणं. मी त्याप्रमाणे छापून दिलं. पण संगणकातल्या फाइलमध्ये एकही बार पुसला नाही, सगळं नुसतं झाकून ठेवलं.

ऑर्केस्ट्राच्या पहिल्या तालमीला मी मुद्दाम गेले, स्वखर्चानं. कुणी बोलावलं नव्हतं. पहिले दोन अंक सुरळीत गेले. पहिल्या क्लॅरिनेटवाल्यानं मध्यंतरात पानं कशी उलटतात याबद्दल माझं कौतुकही केलं. वादकाचं असलं कौतुक फार मोलाचं असतं, कारण पानं नीट उलटली तर ती कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

तिसरा अंक. अठरा नंबर संपला, कंडक्टरनं काठी खाली ठेवली आणि म्हणाला, ‘एकोणीस, उघडलेलं वेरिएशन.’ आणि पिटभर क्लिपा निघायला लागल्या. टक, टक, टक. व्हायोलिनवाल्यांनी दुमडलेली पानं उलगडली, बसूनवाल्यानं चिकटपट्टी नखानं सोडवली, हॉर्नवाल्यानं खोडरबरानं एक रेघ पुसली. पहिल्या क्लॅरिनेटनं पान उलटलं. वीस, हंगेरियन नृत्य. मागे उलटलं. अठरा. पुन्हा पुढे. मग त्यानं वाद्य मांडीवर घेतलं आणि शेजारणीच्या पार्टकडे मान वळवली. तिच्याकडेही अठरानंतर वीसच. पंगतीत सगळ्यांच्या पानात वाढून झालंय आणि या दोघांपुढे नुसतीच रिकामी पत्रावळ, असे ते दोघं बसले होते.

‘क्लॅरिनेट्स?’ कंडक्टर म्हणाला.

‘आमच्याकडे एकोणीस नाहीच.’

तेव्हा प्रेक्षागृहाच्या चौथ्या-पाचव्या रांगेतून व्यवस्थापकाचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. ‘क्लॅरिनेटचे पार्ट आम्ही बाहेरून करून घेतलेत.’

बाहेरून. साठेक माणसांनी वळून त्या बाहेरच्या बाईकडे बघितलं. मी त्याच्याच मागच्या रांगेत बसले होते, हे त्याला ठाऊक होतं. या देशात मी कित्येक वर्षं राहते, कर भरते, याच ऑर्केस्ट्रांमध्ये बदली वादक म्हणून बसले आहे. पण तो शब्द कसा उच्चारला गेला ते माझ्या कानातून अजून जात नाही. ‘आम्ही काढून टाकायला सांगितलं होतं’ हे चार-पाच शब्द त्याला तिथे म्हणता आले असते. फुकट होते.

पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या मध्यंतरात. मी पिटमध्ये उतरले आणि व्हायोलावाल्या बाईंना विचारून त्यांचा फोल्डर बघितला. आतल्या कव्हरवर छापील कट-लिस्ट चिकटवलेली, १९ नंबरपुढे ‘उघडा’ अशी सूचना, आणि वर तारीख. माझे शेवटचे पीडीएफ ज्या दिवशी गेले त्याच्या आठवडाभर आधीची. म्हणजे नवी यादी निघाली होती, कंपनीच्या लायब्ररीतल्या प्रत्येक फोल्डरमध्ये ती चिकटवली गेली होती, आणि ती मिळाली नव्हती फक्त त्या दोन पार्टना जे लायब्ररीत नव्हते, कारण ते माझ्या टेबलावर तयार होत होते. त्या आठवड्यात व्यवस्थापकाशी माझी तीनदा पत्रापत्री झाली होती. कागद कुठल्या रंगाचा असावा यावर.

उरलेलं पटकन सांगते. लॅपटॉप बरोबर होता. झाकलेला १९ नंबर उघडला, स्टेज-डोअरच्या ऑफिसातल्या प्रिंटरवर मिळेल त्या पातळ ए-फोर कागदावर छापला, चिकटपट्टी मारली, मध्यंतर संपायच्या आत दोघांच्या स्टँडवर ठेवला. वेरिएशन झालं. दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्या मुलीनं थँक्यू म्हटलं. कंडक्टर जाताजाता म्हणाला की पुढच्या वेळी पूर्ण संच देत चला. व्यवस्थापकाचं दुसऱ्या दिवशी पत्र आलं, आपण सगळ्यांनीच संवाद सुधारायला हवा अशा अर्थाचं. सगळ्यांनीच!

तर आता सल्ले. क्रम लावलेला नाही. जे जास्त दुखलं ते आधी.

कापलेलं संगीत छापाच. गिऱ्हाईक नको म्हणालं तर दोन फायली द्या, एक त्याला हवी तशी आणि एक पूर्ण, आणि पूर्ण फाइल पाठवल्याचं पत्र ऑर्केस्ट्राच्या लायब्रेरियनलाही पाठवा. व्यवस्थापक बदलतात, विसरतात, सोयीनं विसरतात. लायब्रेरियन सहसा विसरत नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी त्याचा पत्ता मागून घ्या. ‘सगळं माझ्यामार्फतच होईल’ असं कुणी म्हणालं तर समजा की काहीच धड होणार नाही.

प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तारीख आणि कट-लिस्टची आवृत्ती छापा. माझ्या पानांवर ती होती, म्हणूनच कुठली यादी आधीची हे मला दाखवता आलं. दाखवून काय झालं म्हणाल तर काही नाही. पण दाखवता आलं.

बॅलेत प्रत्येक नंबर नव्या पानावर सुरू करा. कागद वाया जातो, जाऊ दे. नंबरांचा क्रम बदलणार हे गृहीत धरायचं. एका पानावर दोन नंबर असतील तर कात्री घ्यावी लागते.

वाद्य बदलण्याची सूचना हा क्लॅरिनेटच्या पार्टमधला सगळ्यात मोठा सापळा, आणि कापांमुळे तो हमखास लागतो. मूळ पार्टमध्ये ‘ए घ्या’ हे लांब विश्रांतीच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं. ती विश्रांतीच कापली गेली तर सूचनाही गेली. वादक बी-फ्लॅट तोंडाला लावून एचा भाग वाजवणार आणि अर्ध्या सुरानं वर ऐकू येणार. सूचना वाचली तरी वेळ उरतोच असं नाही. बरेच वादक दोन्ही वाद्यांना एकच माउथपीस वापरतात. ते ओढून काढायचं, दुसऱ्यावर बसवायचं, आणि ते दुसरं वाद्य इतका वेळ खुंटीवर थंड होऊन उतरलेलं. त्याला सुरात यायला दोनचार फुंका हव्यात. म्हणून सगळे काप बसवून झाल्यावर दोन्ही पार्ट फक्त याच एका गोष्टीसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा: आता हातात कुठलं वाद्य आहे, पुढे कुठलं हवं, मधे किती सेकंद आहेत. वेळ नसेल तर तो नंबर हातातल्या वाद्यावर उतरवून द्या आणि पाच शार्प आले तर आले. प्रत्येक नंबरच्या डोक्यावर वाद्याचं नाव ठळक छापा, बदल नसला तरीसुद्धा.

विश्रांतीच्या बारांचा एकच गठ्ठा करू नका. सॉफ्टवेअर करून देतं, तुम्ही तोडा: प्रत्येक रिहर्सल अक्षरापाशी, दुहेरी रेषेपाशी, लय बदलते तिथे, फर्माटा असेल तिथे. बॅलेत कंडक्टर नर्तकीसाठी थांबतो. १८९५ मध्ये पिएरिना लेन्यानीनं ब्लॅक स्वानच्या कोडात ३२ फुएते घेतले, तेव्हापासून ती गिरकी हा या बॅलेचा वार्षिक परीक्षेचा पेपर होऊन बसलाय, आणि त्या वेळी लय कुणाची चालते हे कंडक्टरलाच विचारा. टाळ्यांसाठी, नमस्कारासाठी थांबायच्या जागा स्पष्ट लिहा.

क्यू, म्हणजे दुसऱ्या वाद्याचे बारीक अक्षरातले सूर, हे वादकाच्या हातात त्या वेळी जे वाद्य आहे त्याच्या पट्टीत लिहा. आणि ज्याचा क्यू देताय तो माणूस दौऱ्यावर जाणार आहे ना, ते विचारा. फिरत्या कंपन्या ऑर्केस्ट्रा कमी करून नेतात. नसलेल्या माणसाच्या सुराची वाट बघत वादक बसून राहतो.

कागदाचं म्हणाल तर ए-फोर लहान पडतो. युरोपात बी-फोर मिळतो, २५० बाय ३५३ मिलिमीटर, तो घ्या. पाच ओळींच्या पट्टीची उंची ७ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. किंचित पिवळसर, जाड, मागची शाई पुढे न दिसणारा कागद. पान उजवीकडे खाली विश्रांतीवर संपलं पाहिजे, आणि ती विश्रांती हात मोकळा होण्याइतकी असली पाहिजे. दोन्ही क्लॅरिनेट एकाच पार्टवर कधीही नाहीत, जुन्या छपाईत तसं असलं तरी.

जुने पार्ट सापडले तर ते आधी वाचा, मगच सॉफ्टवेअर उघडा. माझ्या वेळी ते नव्हतेच. पण अशा फोल्डरांमध्ये जो ऐवज असतो तो कुठल्याही स्कोअरमध्ये मिळत नाही. करंगळी डावी की उजवी यासाठी सुरांवर ‘एल’ आणि ‘आर’, श्वासाचे स्वल्पविराम, ‘इथे कंडक्टरकडे बघ’ म्हणून काढलेला चष्मा. शेवटच्या पानावर गावांची नावं, अंकाला लागलेली मिनिटं. यातलं जे कामाचं ते नव्या पार्टमध्ये घ्या. पण सगळं छापू नका, वादकाच्या पेन्सिलीला जागा ठेवा.

आमच्या मडगावच्या सरांनी तरुणपणी मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत पार्ट उतरवले होते. सेबास्टियन डिसोझांसारखे गोव्याचे अरेंजर शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे स्कोअर लिहीत, त्या काळातले ते. रेकॉर्डिंग सुरू असताना अंतरा बदलायचा आणि पार्ट तिथल्या तिथे बदलून द्यावा लागायचा. सर प्रत्येक पार्टखाली दोन ओळी रिकाम्या सोडत. मला ते कागदाची नासाडी वाटायचं.

हक्कांबद्दल थोडं, कारण त्याच व्यवस्थापकानं मला यातही ओढायचा प्रयत्न केला. मधेच त्याच्या मनात आलं की ब्लॅक स्वानऐवजी ते दुसरं पा द द घ्यावं, १८७७ मध्ये आना सोबेश्चान्स्कायासाठी लिहिलेलं. ‘चायकोव्हस्कीचंच आहे, फुकट आहे.’ संगीत चायकोव्हस्कीचं, खरंय. पण ते हरवलं होतं. १९५३ मध्ये सापडलं तेव्हा ऑर्केस्ट्राचा स्कोअर नव्हता, आणि तो विस्सारियोन शेबालिननं लिहिला. बालांशिननं १९६० मध्ये वापरलं ते हेच संगीत. शेबालिन १९६३ मध्ये गेला, आणि ब्रिटनमध्ये हक्क मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो. भारतात ६०, पण प्रयोग भारतात नव्हता. मी लेखी नकार दिला, तर उत्तर आलं की मी ‘फार सावध’ आहे. जुन्या रचनेची मांडणी कुणी केली, कधी केली, हे शोधल्याशिवाय एकही पान टाइप करू नका. नाव तुमचं जातं.

बाकी नेहमीचं. फायलींच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा. छापण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा, शक्यतो दुसऱ्या दिवशी. फिनाले वापरत असाल तर कंपनीनं २०२४ मध्ये त्याचं काम थांबवलंय, जुन्या फायली म्युझिक-एक्सएमएलमध्ये काढून घ्या. फोनवर काही ठरवलं तर लगेच पत्र लिहा, ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून.

आणि पैसे. पानावर दर ठरवू नका. स्वच्छ पार्टची पानं कमी होतात आणि काम वाढतं, हे मी सोसून सांगते. तासावर ठरवा किंवा नंबरावर ठरवा, आणि करारात एक ओळ घाला: लेखी मान्य केलेल्या कट-लिस्टनंतरचा प्रत्येक बदल वेगळ्या दरानं. माझ्या करारात ती ओळ होती. त्या तालमीतल्या पानांचं बिल मी त्या ओळीवर बोट ठेवून पाठवलं. आधी उत्तर आलं की ती ‘दुरुस्ती’ होती, बदल नव्हे. मी व्हायोलाच्या फोल्डरमधल्या यादीचा फोटो पाठवला. त्यानंतर उत्तर येणंच बंद झालं. ब्रिटनमध्ये १९९८ चा कायदा आहे, धंद्यातली थकबाकी उशिरा देणाऱ्याला बँक ऑफ इंग्लंडच्या दरावर ८ टक्के व्याज लावता येतं. भारतातल्या गिऱ्हाइकाकडून येणं असेल आणि तुम्ही लघुउद्योग म्हणून नोंदणी केली असेल, तर २००६ च्या कायद्यात कमाल ४५ दिवसांची मुदत आहे. नोंदणी करून ठेवा, फुकट होते. व्याजाचा आकडा धरून दुसरं बिल मी तयार केलंय. रक्कम हसू येईल इतकी किरकोळ आहे, पण सोमवारी सकाळी ते जाणार, आणि प्रत लायब्रेरियनला.